जुम्मा एकट्याचा होत नाही

यंदाची थंडी आढेवेढे घेत आली. दिवाळी सरली, तुरीला फुले धरली, तरी दुपारी सदरा पाठीला चिकटतच होता. आणि मग एके सकाळी मी टेबलावरचे दव फडक्याने पुसत असताना रस्त्यापलीकडून ती ओळखीची घरघर ऐकू आली. कादरभाईंची रुई पिंजण्याची मशीन सुरू झाली होती. ऋतू नेमका केव्हा बदलतो याविषयी पंचांगाचे मत काहीही असो, आमच्या तालुक्याच्या गावी हिवाळा या मशीनने सुरू होतो. घराघरांतून जुन्या रजया बाहेर पडतात, वर्षभराच्या झोपेने दबून घट्ट झालेला त्यांच्यातला कापूस मशीनच्या तोंडात जातो आणि पलीकडून ढगासारखा फुगून बाहेर येतो.

पिंजलेल्या रुईचे बारीक तंतू वाऱ्यावर रस्ता ओलांडतात आणि माझ्या कागदांवर येऊन बसतात. मी ते फुंकरीने उडवतो. काही तंतू ओल्या शाईला चिकटून तसेच राहतात. असे काही अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेले असतील, आणि तिथल्या एखाद्या साहेबाच्या बोटांना आमच्या गावचा हिवाळा लागला असेल, असा विचार माझ्या मनात येतो आणि मला बरे वाटते.

वाचकांस माझी ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे. तहसील कचेरीच्या कुंपणालगत, कडुनिंबाखाली बसणारा मी अर्जनवीस. लोक रायटर म्हणतात. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि भाषा ही शाळेत शिकण्याची वस्तू नाही, ती कचेरीच्या पायरीवर शिकावी लागते, असे माझे अनुभवांती मत झालेले आहे. अर्ध्या तालुक्याची दुःखे मी आजवर 'सविनय सादर' केलेली आहेत. माणसाच्या तोंडून अडखळत येणारी गोष्ट मुद्देसूद, परिच्छेदांत आणि योग्य त्या मेहेरबानांच्या सेवेशी मांडून देणे, हे सामान्य काम नव्हे. या कामामुळे मला एक सवय जडली आहे. कोणतीही गोष्ट दिसली की तिच्यामागचा नियम काय, असा प्रश्न मला पडतो.

असा प्रश्न मला दर शुक्रवारी पडत असे. आमच्या गावचा बाजार शुक्रवारी भरतो. घाटंजीच्या रस्त्याने जीपगाड्या माणसे आणि पोती घेऊन येतात. अंबाडीची भाजी, लाल मिरच्यांचे ढीग, तुरीच्या हिरव्या शेंगा, बोरे. रजयांच्या हंगामातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाइकीचा दिवस तोच, आणि त्यातही दुपारची वेळ सगळ्यांत मोठी. नेमकी तेव्हाच कादरभाईंची मशीन बंद होई. घरघर थांबली की कान क्षणभर बावरतात. मग त्या पोकळीत बाजाराचा गलका शिरतो, आणि त्या गलक्यावरून मस्जिदीची अजान येते.

बाजाराला आलेल्या एका बाईने एकदा तक्रार केली होती. तिची रजई अर्धी पिंजून झाली होती. "भाऊ, माही जीप सुटते ना! अर्धी गादी घेऊन जाऊ काय मी?"

"माय, बस थोडी," कादरभाई बाह्या खाली सोडत म्हणाले. "शेवंताबाईजवळ बस, शेंगा खाय. जुम्मा झाला की पयली रजई तुही."

शेवंताबाई म्हणजे त्यांच्या दुकानापुढे हातगाडीवर भाजी विकणारी बाई. दर शुक्रवारी कादरभाईंचे दुकान नमाजाच्या वेळेपुरते तिच्या ताब्यात असे. तिने हे पद कोणाकडून मागून घेतलेले नव्हते. "जा, जा," ती म्हणायची. "तुमचा देव वेळेचा लय पक्का आहे. आमचा बिचारा वाट पाहते."

शुक्रवारी सकाळपासूनच कादरभाईंची तयारी चाललेली असे. नखे कापलेली, अंघोळ झालेली, पांढरा कुर्ता खुंटीला. तो कुर्ता ते मशीन बंद केल्यावरच अंगात घालत. कानामागे इत्तराचे बोट. एवढे सगळे करूनही भुवयांत रुईचे दोन-चार तंतू राहायचेच. आयुष्यभर कापूस पिंजलेल्या माणसाच्या भुवया कधीच पूर्ण काळ्या होत नाहीत.

आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना होते. मी रविवारी विहारात जातो. न गेलो तर घरी बसून वंदना म्हणतो आणि ती पूर्ण होते. म्हणून माझा पहिला प्रश्न असा होता की, रोजची नमाज दुकानातल्या चटईवर चालते, मग शुक्रवारचीच का चालत नाही?

"चालत नाही जी," कादरभाई म्हणाले. "बाकीची एकट्याची होते. जमातीत, सगळ्यांसंगं केली तं जास्त बरं, पण होते. जुम्मा एकट्याचा होतच नाही. चार माणसं पाह्यजे, इमाम पाह्यजे, खुत्बा पाह्यजे. जो घरी राह्यला त्यानं रोजच्यासारखी दुपारची जोहर पढाची. तिले जुम्मा म्हणत नाहीत."

"आणि खेड्यापाड्यांतले लोक?"

"लहान वस्तीत जुम्मा करत नाही आमच्यात. ते इथं येतात. बाजारही होते, नमाजही होते."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जीपगाड्यांतून उतरणाऱ्या काही लोकांच्या हातात पिशवी आणि खांद्यावर धुतलेला रुमाल असतो, तो कशासाठी. सारा बाजार मी वर्षानुवर्षे पाहत होतो, पण बाजाराच्या आत दुसरे एक जमणे चाललेले असते, हे मी पाहिले नव्हते.

खुत्ब्याबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला फारच विलक्षण वाटले. इमाम मिंबरवर, म्हणजे पायऱ्यांच्या उंच आसनावर, उभा राहून दोन भागांत हे प्रवचन म्हणतो, मध्ये क्षणभर खाली बसतो. तो चालू असताना कोणी बोलायचे नाही. शेजारचा बोलत असेल तर त्याला 'गप्प बस' असे म्हणणेही बोलण्यातच जमा होते. मी हे ऐकून थक्क झालो. आमच्या कचेरीत 'शांतता राखा' हे शिपाई सर्वांत मोठ्या आवाजात ओरडतो. शांततेची आज्ञा देण्यासाठीसुद्धा शांतता मोडता येत नाही, असा नियम कोणत्याही कायद्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

"आणि शेवटी काय करता?" मी विचारले.

"शेवटी सलाम. पयले उजवीकडे, मग डावीकडे. बाजूच्या फरिश्त्यालेही होते, बाजूच्या माणसालेही होते."

"तुमच्या बाजूला कोण असतो?"

कादरभाईंनी मशीनचा पट्टा उगाच चाचपून पाहिला. "रशीद," ते म्हणाले.

येथे रशीदची हकिकत सांगणे भाग आहे. रशीद हा कादरभाईंचा धाकटा सख्खा भाऊ. वडिलांच्या एकाच दुकानाची दोन दुकाने झालेली, मध्ये पत्र्याची भिंत. या बाजूला कादरभाईंची मशीन आणि कापूस. त्या बाजूला रशीदच्या फोमच्या गाद्या, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, गुलाबी आणि निळ्या. कापसाच्या मुलखात फोम विकणारा भाऊ, ही गोष्ट कादरभाईंना जिव्हारी लागलेली होती. रुई उडून आपल्या नव्या मालावर बसते, ही रशीदची तक्रार होती. एके दिवशी भर गिऱ्हाइकांसमोर कादरभाई म्हणाले, "स्पंजावर झोपून माणसाच्या पाठीले झोप लागत नाही, घाम लागते." त्यावर रशीद म्हणाला, "तुमचा कापूस आता दिव्याच्या वातीलेच राह्यला." लोक हसले. त्या हसण्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. ईदला मुले या घरातून त्या घरात शीरखुर्मा पोचवीत. भाऊ मात्र पत्र्याच्या दोन बाजूंना बसलेले असत.

परंतु शुक्रवारी मस्जिदीत दुसऱ्या सफीत, म्हणजे रांगेत, खांबाजवळ, त्यांचे वडील उभे राहत असत. मस्जिदीत कोणाची जागा राखीव नसते. पण सवयीला कोण अडवणार? दोघेही लहानपणी बापाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले. बाप गेल्यावर ती जागा सोडायला दोघांतला एकही तयार नव्हता. म्हणून दोघेही लवकर जात, आणि निव्वळ हट्टापायी खांद्याला खांदा लावून उभे राहत. आठवड्यात त्यांची तेवढीच भेट.

"मग तिथेही बोलत नाही?" मी विचारले.

"तिथं कोणीच बोलत नाही ना जी," कादरभाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. "दुकानात नाही बोललो तं लोक म्हणतात भांडण आहे. तिथं नाही बोललो तं इबादत आहे."

मी पुष्कळ तडजोडनामे लिहिले आहेत. उभय पक्षांस इतके सोयीचे कलम मला एकाही तडजोडनाम्यात घालता आलेले नाही.

मागल्या ज्या एका हिवाळ्याबद्दल मी हे लिहितो आहे, तो हिवाळा आठवला की मला प्रथम पऱ्हाटीचा वास येतो. कापूस वेचणीच्या दुसऱ्या फेरीचे दिवस. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात आणि झाडांच्या फांद्यांना त्यांचा पांढरा कापूस अडकून राही; बाभळीला फुले आल्यासारखे वाटे. सकाळी चहाच्या वाफेत समोरचे माणूस दिसेनासे होई. अशा एका सकाळी माळ्यावरून रुईचा गठ्ठा उतरवताना कादरभाईंची शिडी सरकली. रशीद त्या दिवशी दारव्ह्याला माल पोचवायला गेलेला होता. आम्ही लोकांनीच त्यांना दवाखान्यात नेले. नडगीचे हाड मोडलेले. बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर.

मशीन बंद पडली. गावाला कदाचित जाणवले नसेल, पण माझ्या कागदांवर तंतू येईनासे झाले, आणि हिवाळा मध्येच कोठेतरी अडकल्यासारखा वाटू लागला.

पहिल्या शुक्रवारी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा कादरभाई खाटेवर पांढरा कुर्ता घालून बसलेले होते. इत्तराचा वास. अजान झाली. त्यांनी तांब्यातल्या पाण्याने तोंड, हात धुतले, ओल्या हाताने डोके पुसले, चांगला पाय धुतला आणि शेवटी प्लास्टरवरून ओला हात हलकेच फिरवला.

"असे चालते?" मी विचारले.

"चालते. देवाले ठाऊक आहे आत पाय आहे म्हणून," ते म्हणाले, आणि खाटेवर बसूनच त्यांनी नमाज पढली. चार रकात, म्हणजे नमाजाची चार आवर्तने. जुम्म्याच्या दोन असतात, घरच्या जोहरच्या चार. संख्येने दुप्पट असूनही ती त्यांना कमी वाटत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

दुसऱ्या शुक्रवारी ते फारच उदास दिसले. "रायटरसाब, दोन जुम्मे गेले," ते म्हणाले. "बापानं लहानपणी सांगतलं होतं, तीन जुम्मे सोडले की माणसाच्या दिलावर मोहर लागते. मंग आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही."

मोहर हा शब्द ऐकताच मी सावध झालो. मोहर, मुदत, गैरहजेरी, हे सर्व माझ्या अखत्यारीतले विषय आहेत. मुदतीत हजर राहता आले नाही तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि तो मुदत पूर्ण संपण्याआधी केलेला बरा. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसून तो लिहिला. मेहेरबान पेश-इमाम साहेब यांचे सेवेशी. विषय, जुम्म्याच्या नमाजास गैरहजर राहिल्याबद्दल क्षमापित होणेबाबत. अर्जदार हे वयोवृद्ध, नित्यनियमाने हजर राहणारे असून, शिडीवरून पडल्याने नाइलाजास्तव... माझ्या मते तो माझ्या उत्तम अर्जांपैकी एक होता. सोबत एक्स-रेची प्रत जोडली.

मौलानासाहेब वयाने तरुण, बाहेरगावचे, अतिशय नम्र. मराठी त्यांना सावकाश वाचता येई, म्हणून मीच अर्ज वाचून दाखवला. ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. एक्स-रे त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.

"आपने बहुत मेहनत की, मुन्शीजी," ते म्हणाले. "लेकिन बीमार की छूट तो पहले से मंजूर है. सुस्ती से छोडे, उसके लिए वो बात है. जो आ ही नहीं सकता, उसको मांगना नहीं पडता."

"म्हणजे अर्जाशिवाय?"

"अर्ज से पहले." त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात ठेवली. "ये मैं रख लेता हूं. दुआ में याद रहेगा. बस एक बात बताइए. कादरभाई छूट चाहते हैं, या आना चाहते हैं?"

अर्जदाराचे म्हणणे काय, हा अर्जातला पहिला परिच्छेद असतो. तो मी माझ्याच मनाने भरला होता.

तरीही बातमी चांगली होती, म्हणून मी पाऊल उचलत कादरभाईंच्या घरी गेलो. "तुम्हाला सूट आहे," मी सांगितले. "मोहर वगैरे काही नाही. खुद्द इमामसाहेबांचे म्हणणे."

कादरभाई आनंदतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "माफी कोणी मागतली तुमाले?"

"तुम्हीच म्हणालात, तीन जुम्मे..."

"हाव, म्हटलं." त्यांनी प्लास्टरवरची चादर नीट केली. "मौलानासाब बरोबरच सांगतात. अल्ला घरीबी आहे, रायटरसाब. पण रशीद घरी कुठं आहे?"

खातूनभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीजवळ बसलेल्या होत्या. त्यांचा हात पोळपाटावर थांबला.

"पत्र्याच्या तिकडून त्याचा आवाज येत होता रोज," कादरभाई म्हणाले. "खोकला, गिऱ्हाइकाशी भांडण. आता दुकानबी बंद. जुम्माबी नाही. तो इथं येणार नाही, मी तिथं जाणार नाही. मंग कुठं भेटाचं? मयतीत?"

माझ्या हातात मंजूर झालेली सूट होती आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हते. धर्माच्या नियमांविषयी माझा आजवरचा समज असा होता की, ते माणसावर घातलेले असतात आणि माणूस त्यांतून सुटण्याच्या वाटा शोधतो. या घरात नियम उलटा चाललेला होता. कादरभाईंना बंधनातून मोकळे केले होते, आणि मोकळे होणे हेच त्यांचे दुःख होते.

आजही शुक्रवारी रस्त्यापलीकडची घरघर थांबली की मी याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. दिवसातून पाच वेळा कोठेही, कोणत्याही कोपऱ्यात हात बांधून उभे राहण्याची मुभा देणारा धर्म आठवड्यातून एकदा का म्हणतो की नाही, आज एकट्याचे चालणार नाही? देवाला गर्दी लागत नसावी. मग ती कोणाला लागते? मी माझ्या परीने पुष्कळांना विचारले. कोणी सांगितले, पुण्य जास्त मिळते. कोणी सांगितले, हुकूम आहे. दोन्ही खरेच असेल. परंतु माणसे घरोघरी आपापल्या देवाशी नीट बोलतात आणि शेजाऱ्याशी मात्र बोलेनाशी होतात, ही गोष्ट त्या हुकमाच्या मुळाशी कोठेतरी ध्यानात घेतलेली असावी, असे मला वाटते. मी जाणकार नाही. मला वाटते, एवढेच.

तिसरा शुक्रवार आला. डॉक्टरांनी पाय हलवू नका म्हणून बजावलेले. रिक्षात पाय सरळ मावेना. शेवटी मी शेवंताबाईकडे गेलो आणि तिची हातगाडी मागितली.

"आज, बाजाराच्या दिवशी?" ती म्हणाली. "अन् माही वांगी कुठं ठेवू, तुमच्या टेबलावर?"

"ठेवा."

तिने माझ्याकडे निरखून पाहिले. मग वांगी, मेथी, कोबी पोत्यावर उतरवली. "न्या. पण रायटरभाऊ, गाडी लोटावी लागते. तिले अर्ज लिहून चालत नाही."

खातूनभाभींनी आधी सगळे घर डोक्यावर घेतले. "ह्या माणसाले पाय नको, जुम्मा पाह्यजे! उद्या हाड सरकलं तं मी नाही पाहणार." आणि असे म्हणत म्हणतच त्यांनी गाडीवर दोन रजया अंथरल्या, पायाखाली उशी दिली आणि कुर्त्याची कॉलर सरळ केली.

पांढऱ्या सदऱ्यातला मी आणि शेजारचे दोघे, असे आम्ही ती गाडी भर बाजारातून लोटत नेली. लोक वाट देत होते. मिरचीवाल्याने हाक मारली, "काय कादरभाई, काय भाव?"

"ठोक आहो," कादरभाई गाडीवरून म्हणाले. "किरकोळीत मिळत नाही."

मस्जिदीत मौलानासाहेबांनी शेवटच्या सफीच्या उजव्या टोकाला, भिंतीलगत खुर्ची ठेवली होती. प्लास्टरचा पाय पुढे पसरायचा तर तेवढीच जागा होती. खांबाजवळची जागा दूर, दुसऱ्या सफीत राहिली. कादरभाईंनी तिकडे एकदा पाहिले आणि खुर्चीवर बसले. मी दारालगतच्या पायरीवर, चपलांच्या रांगेजवळ बसलो. मौलानासाहेबांनीच तशी खूण केली होती.

खांबाजवळ रशीद होता. त्याच्या शेजारी जमिनीवर एक घडी केलेला रुमाल पसरलेला होता. लोक येत होते, रुमाल पाहत होते आणि दुसरीकडे बसत होते. माझ्याजवळ चपला काढणारा एक म्हातारा पुटपुटला, "मागच्या जुम्म्यालेबी टाकला होता. मस्जिदीत जागा धरता येत नाही, हे त्याले मालूम नाही काय!"

रशीदने मागे वळून पाहिले. भिंतीलगतची खुर्ची त्याला दिसली असावी. तो पुन्हा पुढे वळून बसला.

मग खुत्बा सुरू झाला. एवढी माणसे आणि एकाच माणसाचा आवाज. बाहेर बाजार ओरडत होता. कोथिंबीर, बोरे, जीपचे भोंगे. ते सगळे दाराशी येत होते आणि पायरीवरच राहत होते. अरबीचा एक शब्दही मला कळत नव्हता. पण मी अनेक कचेऱ्यांत अनेक साहेबांपुढे माणसांना गप्प उभे राहिलेले पाहिले आहे, आणि ते गप्प राहणे भीतीचे असते. हे तसे नव्हते.

खुत्बा संपला, नमाज उभी राहत असल्याची हाक, इकामत, झाली, सर्वजण उभे राहिले आणि सफी सरळ होऊ लागल्या. रशीदने वाकून रुमाल उचलला. त्याच्या शेजारी कोणीतरी सरकू लागला, तेवढ्यात रशीदच तिथून निघाला. माणसांच्या कडेकडेने, मान खाली घालून तो मागे आला आणि खुर्चीच्या डाव्या हाताला उभा राहिला. खांबाजवळ दोन माणसे पुढे सरकली आणि दोघा भावांच्या बापाची जागा भरून गेली.

नमाज झाली आणि सलामाची वेळ आली. मी टक लावून पाहत होतो, कारण बाजूच्या माणसालाही सलाम होतो हे मला माहीत होते. सर्वांची तोंडे एकदम उजवीकडे वळली. रशीदपुढे भाऊ होता, पण भाऊ स्वतः उजवीकडे, भिंतीकडे वळलेला. मग सर्वजण डावीकडे वळले. कादरभाईंपुढे रशीद आला, पण रशीदचे तोंड आता पलीकडे होते. ज्याला सलाम करायचा त्याचा फक्त कान दिसतो! सर्वजण एकाच दिशेला वळत असल्यामुळे कोणाचीच नजर कोणाला भेटत नाही. मी कितीदा तरी विचार केला आहे की, दोन रुसलेल्या माणसांना परस्परांचे भले चिंतिता यावे यासाठी याहून नाजूक व्यवस्था कोणाला करता आली असती काय.

नंतर लोक पांगले. नमाज झाली की जमिनीवर पसरा आणि आपापली रोजी शोधा, असे त्यांच्या ग्रंथातच सांगितलेले आहे, हे कादरभाईंनी मला पूर्वी सांगितले होते. रशीद चपला हातात घेऊन दुसऱ्या दाराने गेला. त्याने मागे पाहिले नाही. आम्ही गाडी परत लोटत निघालो.

"त्याच्या घशात कफ आहे," मध्येच कादरभाई म्हणाले. "खुत्ब्यात दाबून ठेवत होता."

एवढेच. मला वाटले, संपले. घरी आल्यावर खातूनभाभींनी विचारले, "बोलला काय तो?" कादरभाई म्हणाले, "जुम्म्यात कोणी बोलते काय?" आणि जेवायला बसले.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो, कारण हातगाडी मिळेल की नाही याची खात्री नव्हती. शेवंताबाईने वांग्यांना डाग पडल्याचे मला आठवडाभर ऐकवले होते. कादरभाई कुर्ता घालून खाटेवर तयार. अजानला अजून अवकाश होता. इतक्यात दारात भोंगा वाजला. एकदा, मग दोनदा.

मी बाहेर आलो. रशीदची माल वाहण्याची तीनचाकी उभी होती. मागच्या हौद्यात एक गुलाबी फोमची गादी लांब अंथरलेली, प्लास्टिकसकट. रशीद सुकाणू धरून समोर पाहत होता. हाक मारायची नाही, म्हणून भोंगा.

"रायटरसाब," तो समोर पाहतच म्हणाला, "त्यांले सांगा, पाय लांब करता येते इतकी जागा आहे."

दार उघडेच होते. खाट दारासमोर. मी वळून सांगणार, तोच आतून आवाज आला, "त्याले सांगा, मी फोमवर बसत नाही."

"त्यांले सांगा, खुत्बा कोणासाठी थांबत नाही."

"त्याले सांगा, मले माहीत आहे. त्याच्या जन्माच्या आधीपासून जातो मी."

खातूनभाभी हातात रजई घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी फोमच्या गादीवर अशी आपटली की प्लास्टिक कडाडले. "घ्या, कापूस. आता दोघंबी गप बसा, नाही तं मी येतो मस्जिदीत."

आम्ही कादरभाईंना उचलून हौद्यात बसवले. रजई बरीच जाड होती, तरी फोम खाली दबला आणि ते थोडे आत गेले. त्यांनी बसल्याजागी हलून पाहिले. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. मी कडेला, त्यांचा पाय धरून बसलो.

आमच्या गल्लीला खड्डे आहेत. त्याविषयी मी तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांना निवेदने दिलेली आहेत. पहिल्या खड्ड्याला रशीदने गाडी अगदी सावकाश केली आणि मान वळवून मागे, प्लास्टरकडे पाहिले. दुसऱ्या खड्ड्यालाही पाहिले. तिसऱ्याला तो मागेच पाहत राहिला, आणि पुढे रस्त्यात एक म्हैस आडवी आली.

"रशीद!" कादरभाई ओरडले. "समोर पाह्य ना बे, समोर!"

रशीदने गाडी थांबवली. म्हैस निघून गेली.

"पाहूनच राह्यलो, भाई," रशीद म्हणाला.

हे पोचवायला मला कोणीही सांगितले नाही.